पाथरवाडीचं परराष्ट्र धोरण

सन ऐंशीच्या सप्टेंबरात इराण आणि इराक यांच्यात लढाई जुंपली, तेव्हा पाथरवाडीत एका कोंडाजी गुरुजींखेरीज कुणाला काही वाटलं नाही. नाशिकहून निफाडकडे जाताना आतल्या बाजूला वळलं की हे गाव लागतं. गुरुजी तिथल्या शाळेत चौथीला शिकवत. त्यांच्याकडे ट्रान्झिस्टर होता आणि जगाच्या कारभाराविषयी पक्की मतं होती. गावातले लोक त्यांना पाठीमागे परराष्ट्रमंत्री म्हणायचे. गुरुजींच्या ते कानावर होतं आणि त्यांना ते आवडायचं.

संध्याकाळी ते आशिया खंडाचा नकाशा शाळेच्या ओट्यावर टांगत आणि जमलेल्या मंडळींना आखात समजावून सांगत.

"ही हॉर्मुझची सामुद्रधुनी," ते पट्टी ठेवून म्हणत. "कळशीचा गळा असतो ना, तसा हा तेलाचा गळा. कुणी आवळला तर सगळ्या जगाचा घसा कोरडा."

"आपून कोणाच्या बाजूनं हावोत, गुरुजी?" सहादू विचारायचा. सहादूचा मळा गुरुजींच्या मळ्याला लागून होता आणि आवाज सगळ्या गावाला पुरेल एवढा होता.

"कुणाच्याच नाही. आपण तटस्थ. आपल्याला इराककडूनही तेल लागतं आणि इराणकडूनही."

"मंजी ज्याच्याकडून घ्यायचं त्याला बोलायचं नाय?"

"तसं नाही रे. याला धोरण म्हणतात."

दिवाळी झाली आणि धोरण गावात आलं. नाक्यावरच्या पंपावर 'डिझेल नाही' अशी पाटी लागली. पहिल्यांदा खडूनं लिहिलेली होती, मग पंपवाल्यानं ती रंगवूनच घेतली. नदीकाठच्या मळ्यांना अजून विजेचे खांब पोचले नव्हते. तिथं सगळी इंजिनं डिझेलची. आणि नेमक्या त्याच दिवसांत द्राक्षांचे मणी फुगायला लागले होते. मणी फुगताना पाणी नाही मिळालं तर त्यांच्या गोट्या होतात, आणि गोट्यांना बाजारात कुणी विचारत नाही.

गुरुजींचीही लहानशी बाग होती. म्हणजे सातबारावर ती गुरुजींची होती, वेलांना ओळखत होती ती त्यांची बायको चांगुणा.

आता गावात डिझेल होतं फक्त गोटीरामकडे. त्याचे दोन ट्रॅक्टर भाड्यानं चालत आणि मेव्हणा नाशिकला ट्रान्सपोर्टात होता. त्यानं उन्हाळ्यातच डिझेलची लोखंडी टिपाडंच्या टिपाडं भरून आणून गोठ्यात कडब्याआड ठेवली होती. परवान्याशिवाय एवढा साठा करणं गुन्हा होता, म्हणून हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि अख्ख्या गावाला माहीत होतं. गोटीराम डिझेलचे पैसे जास्त घेत नसे. तो नमस्कार जास्त घ्यायचा. सकाळी त्याच्या ओट्यावर माणसं रिकामे कॅन पाठीमागे लपवून बसलेली असत आणि त्याच्या बैलांची, जावयाची, अगदी त्याच्या खोकल्याची चौकशी करत.

अडचण अशी होती की दसऱ्यालाच या गोटीरामनं आपलं तारेचं कुंपण पुढं सरकवलं होतं. शाळेकडे, बुद्धविहाराकडे आणि नदीकाठच्या मळ्यांकडे जाणारी वाट त्या कुंपणाला लागून होती. पूर्वी तिथून दोन बैलगाड्या शेजारून जायच्या. आता एक जाताना बैलांना पोट आत घ्यावं लागे. गुरुजींनी लगेच ग्रामसभेसाठी ठराव लिहून काढला होता: "गोटीराम यांनी सार्वजनिक वाटेवर केलेल्या आक्रमणाचा ही सभा तीव्र निषेध करते आणि कुंपण ताबडतोब मागे घ्यावे असे त्यांना बजावते." सहादूनं तो ऐकून मांडीवर थाप मारली होती. "तीव्र! लय भारी शब्द टाकला, गुरुजी. माझी पहिली सही!"

दिवाळीनंतर सहादू एका सकाळी घरी आला. हातात भरलेला कॅन होता.

"गुरुजी, ते 'तीव्र' जरा काढता का?"

गुरुजींनी नाइलाजानं 'तीव्र' काढला. दोन दिवसांनी सरपंच पुंजाबा आले. त्यांचा ऊस वाळत होता. ते म्हणाले, निषेध हा शब्द जरा टोचतो, त्याऐवजी खेद घाला. खेद घातला. मग खालच्या आळीची मंडळी म्हणाली, खेदापेक्षा चिंता बरी, चिंता कुणाचीही करता येते. शेवटी ठराव असा झाला की, वाटेच्या रुंदीबाबत दोन्ही बाजूंनी संयम पाळावा.

"दोन्ही बाजू मंजी?" चांगुणानं चुलीपुढून विचारलं. "एक बाजू गोटीराम भाऊ. दुसरी कोन?"

गुरुजींनी चष्मा पुसला. "वाट."

"वाटेनं काय संयम पाळायचा? तिनं काय त्याच्या अंगावर उडी मारली?"

"चांगुणा, भाषा अशीच ठेवावी लागते. मोठमोठे देश अशीच ठेवतात."

"ठेवा. पन मग कॅन घेऊन तुमीबी जा त्यांच्या ओट्यावर. घड सुकत चाललेत."

"मी जाणार नाही. मी ठराव लिहिलेला माणूस आहे."

"ठरावात आता उरलंय काय, लाजायला?"

गुरुजी गेले नाहीत. सांगण्याचा मुद्दा असा की त्यांना खरोखर जावंसं वाटत नव्हतं. ठराव त्यांनी दुसऱ्यांसाठी मऊ केला होता. स्वतःची बाग मात्र त्यांनी चांगुणाच्या डोक्यावरच्या घागरींवर सोडली होती, आणि याची त्यांना रात्रंदिवस टोचणी होती. शाळा सुटल्यावर तेही कावड घेऊन पाणी वाहू लागले. कावडीनं द्राक्षबाग भिजत नाही. पण दोघं मुकाट्यानं वाहत राहिली.

अशात एका दुपारी लष्कराचा ट्रक गावात आला.

सगळी माणसं मळ्यात होती. त्यामुळे तो कसा आला, हे कुणी पाहिलं नाही. संध्याकाळी परतताना दिसलं ते एवढंच: गोटीरामच्या दारात, बरोबर गोठ्याजवळ, हिरवा अजस्र ट्रक उभा आहे आणि चार जवान चुलीसाठी विटा मांडतायत.

सगळं गाव शाळेच्या ओट्यावर धावलं. गुरुजींनी नकाशा टांगला, पण या वेळी पट्टी नुसती हातातच धरली.

"मला हे होणार असं वाटतच होतं," ते गंभीरपणे म्हणाले. "जिथं तेल, तिथं लष्कर. हिंदी महासागरात ती परदेशी आरमारं येऊन बसलीत, ती काय मासे धरायला? तेलावर डोळा ठेवायला. आपल्या सरकारनंही आता साठे संरक्षणाखाली घ्यायला सुरुवात केलेली दिसते."

"मंजी गोटीरामला धरनार?" सहादूच्या डोळ्यांत चमक आली.

"धरतील, किंवा सांभाळतील. दोन्हीला सैन्यच लागतं. यातलं कुठलं, ते एकदोन दिवसांत कळेल."

कळलं ते दुसऱ्याच दिवशी. जवान गोटीरामच्या ओट्यावर मांडी घालून जेवत होते आणि गोटीराम स्वतः रस्सा वाढत होता. तिसऱ्या दिवशी तर कहर झाला. गोटीरामनं कुंपणाचे खांब उपटले आणि वाटेत आणखी हातभर पुढं रोवायला काढले. आणि जवानांचा पुढारी, नाईक भिकन नावाचा आडदांड माणूस, त्यानं चक्क पहार हातात घेतली. बाकीच्यांनी तारा ताणल्या. बघता बघता वाट एवढी अरुंद झाली की सहादूच्या म्हशीला तिरकं चालावं लागलं.

त्या संध्याकाळी पुंजाबा गुरुजींकडे आले ते धापा टाकत. "गुरुजी, ठराव बदला. लष्कर त्याच्या बाजूनं हाय."

"आता आणखी काय बदलू, पुंजाबा?"

"कुंपणानं गावाला शोभा आली, असं काही बसतं का बघा."

गुरुजींनी पहिल्यांदाच लेखणीला टोपण लावलं. "ते मी लिहिणार नाही," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण पुंजाबांना ऐकू गेला. पुंजाबा जरा वेळ बसले आणि चहा न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणानं रिकामा कॅन उचलला.

"गोटीरामकडे चाललीस?" गुरुजींनी विचारलं.

"नाय. लष्कराकडं. सरकारचं लष्कर, सरकारचं डिझेल. एवढा थोरला ट्रक हाय, त्यातलं वाईच मागते."

"अगं, त्यांच्याकडे बंदुका आहेत!"

"मंग काय झालं? मी कॅन घेऊन चाललेय, तोफ नाय."

ती ट्रकपाशी गेली तेव्हा नाईक भिकन चाकाला टेकून दाढी करत होता. चांगुणानं कॅन पुढं केला आणि आपलं मागणं सांगितलं. भिकन आधी बघतच राहिला, मग एवढ्या जोरानं हसला की गालावरचा फेस उडाला.

"मावशी, गाडीमा डिझेलच नहीं शे!" तो म्हणाला. "ते ऱ्हातं तं आम्ही आठे काबर बसतूत?"

ती अहिराणी ऐकून चांगुणा चकित झाली. जवान म्हणजे हिंदी बोलणार असं धरून ती शब्द जुळवत आली होती. "तू आपल्याकडचाच दिसतो."

"सटाणाना शे मी."

मग त्यानं दाढी अर्धी ठेवून सगळं सांगितलं. मोठ्या रस्त्यावर पुलाचं काम चालू होतं, म्हणून ट्रक आतल्या रस्त्यानं वळवला. वाट चुकली. परत फिरायला ही जागा बघितली, तर एका बाजूला कुंपण आणि दुसऱ्या बाजूला निंबाचं झाड. मागं घे, पुढं घे, मागं घे, असं करता करता टाकीतलं डिझेल संपलं. लष्करालाही डिझेल आता मोजूनच मिळत होतं. एका जवानाला एसटीनं कॅम्पात पाठवलं होतं. तिकडून निरोप आला की गाडी मिळेल तेव्हा येईल, ट्रक सोडून हलायचं नाही.

"मंग गोटीराम भाऊला मागायचं ना."

"मांगं ना पहिलाच दिन! देवनी शपथ खाई त्यानी. एक थेंब नहीं म्हने."

"आन कुंपन कशापायी पुढं रोवून दिलं त्याला?"

भिकननं खांदे उडवले. "बसी बसी कटाळा उना, मावशी. आनि तो कोंबडी खावाडस."

चांगुणा परत आली आणि तिनं जसंच्या तसं सांगितलं. गुरुजी खाटेवर बसले ते उठेचनात. इतक्या दिवसांचं आखात, महासागर, आरमारं, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून एका अडकलेल्या ट्रकच्या रूपानं गेलं.

"म्हणजे तेलाच्या रक्षणाला कुणी आलंच नाही," ते म्हणाले.

"तेलावाचून अडकलेत. आपल्यासारखेच."

गुरुजींना आधी फार वाईट वाटलं. मग हळूहळू, का कोण जाणे, हसू यायला लागलं. चांगुणाही हसली. पाणी वाहून दोघांचे खांदे सोलले होते, तरी बरेच दिवसांनी त्या घरात हसण्याचा आवाज झाला.

तिकडे गोटीरामची मात्र हसण्याजोगी स्थिती राहिली नव्हती. सुरुवातीला त्याला लष्कराचा धाक वाटला, मग अभिमान वाटला, आणि आता भूक दिसत होती. जवानांची भूक. खुराडं रिकामं होत चाललं होतं. बायकोनं अंडी माहेरी नेऊन ठेवली होती. जवान गोठ्याच्या भिंतीला टेकून पत्ते खेळत. भिंतीपलीकडे कडबा आणि कडब्याखाली टिपाडं. कुणी विडी पेटवली की गोटीरामचा जीव कासावीस होई. डिझेल देऊन त्यांना घालवावं तर शपथ आडवी, आणि साठा उघडा पडण्याची भीती. न द्यावं तर कोंबड्या संपल्यावर बकरी होती.

दिवेलागणीला तो स्वतः गुरुजींच्या दारात आला. वाटेवरनं येताना त्याचं धोतर आपल्याच तारेला अडकून फाटलं होतं.

"गुरुजी, जयभीम," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं पहिल्यांदा असं म्हटलं होतं. "तुमच्याशी जरा बोलायचं व्हतं. आंतरराष्ट्रीय."

गुरुजींनी त्याला खुर्ची दिली.

"असं समजा," गोटीराम खाली बघत म्हणाला, "की शाळेत एक डिझेलचा कॅन सापडला."

"शाळेत डिझेल कशाला असेल?"

"विज्ञानाच्या प्रयोगाला."

"चौथीला?"

गोटीराम काकुळतीला आला. "गुरुजी, कायबी म्हना. पन तुमच्या हातून गेलं तर कोनी विचारनार नाय. तुमी खोटं बोलत नाय, हे सगळ्यांना माहीत हाय, म्हनून तर तुमच्याकडं आलो."

गुरुजींनी घसा साफ केला. या क्षणाची त्यांनी आयुष्यभर वाट पाहिली होती. "गोटीराम, दोन पक्षांत वाटाघाटी होतात तेव्हा प्रथम सद्भावनेचं वातावरण—"

"कुंपन मागं," चांगुणा आतून म्हणाली. ती भाकरीचं पीठ हातानं झाडत उंबऱ्यावर आली. "दसऱ्याच्या आधी व्हतं तिथं. आन जेवढी टिपाडं हायेत ती सगळ्यांना द्यायची, पंपाच्या भावानं. ओट्यावर बसवून नाय. खोकल्याची चौकशी कोनी करनार नाय."

"वयनी, कुंपन कालच रोवलंय वो पुढं. लोक काय म्हनतील?"

"म्हनतील, ट्रकला जागा केली. लष्कराला मदत केली. उलट तुमचं नाव व्हईल."

गोटीरामनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, "आमच्या बाजूची भूमिका हीच आहे. फक्त याला शरणागती म्हणायचं नाही, समझोता म्हणायचं."

"कायबी म्हना," गोटीराम म्हणाला. "बकरी वाचली पायजे."

सकाळी गुरुजी दोन्ही हातांनी जड कॅन सावरत ट्रकपाशी गेले. भिकननं झाकण उघडून वास घेतला.

"गुरुजी, हाई कोठून उनं?"

गुरुजी खोटं बोलत नसत. गोटीरामचं नावही घ्यायचं नव्हतं. ते क्षणभर गोंधळले, आणि मग त्यांना उत्तर सापडलं, जे अगदी खरं होतं.

"आखातातून," ते म्हणाले.

भिकन गोठ्याकडे बघून हसला. "तठून लई लवकर उनं! वास तं माले पहिलाच दिन उना व्हता, गुरुजी. पन माले हुकूम गाडी राखाना शे, कडबा उचकाडाना नहीं. म्हनं, बघूत हाऊ मानूस कोंबड्या संपानंतर तरी खरं बोलस का."

मग त्यानं जवानांना हाक मारली. ट्रक वळवायला जागा हवी होती. ज्यांनी कुंपण रोवलं होतं, त्यांनीच ते उपटलं, अगदी शेवटच्या खांबापर्यंत. गोटीराम स्वतः खांब मोजून बाजूला रचत होता. ट्रक धूर सोडत सुरू झाला, मागं आला, पुढं गेला, निंबाची एक फांदी घेऊन वळला आणि रस्त्याला लागला. भिकननं चांगुणाला कडक सलाम ठोकला. चांगुणाला सलामाचं काय करायचं ते कळेना, तिनं हात जोडले.

त्या दिवसापासून टिपाडं रिकामी होऊ लागली, पंपाच्या भावानं. नदीकाठी इंजिनं धडधडू लागली. गुरुजींच्या बागेत चारीनं पाणी आलं, तेव्हा चांगुणा उगाच पाण्यात पाय घालून उभी राहिली. काही घड वाया गेले होते. बरेचसे वाचले.

आणि पुढच्या आठवड्यात नाक्यावर टँकर आला. पंपवाल्यानं रंगवलेल्या पाटीवर पोतं टाकलं. कॅनची रांग लागली, बैलगाड्यांनी रस्ता अडला आणि गावात एकदम ताठ माणसं दिसायला लागली.

ग्रामसभा भरली ती त्याच संध्याकाळी. सहादू सभा सुरू व्हायच्या आत उभा राहिला.

"कुंपनाचा ठराव कुठंय? आन त्यात 'तीव्र' पायजे! दोनदा पायजे!"

"हो, हो, तीव्र!" सगळीकडून आवाज उठला. पुंजाबांनी तर छातीवर हात ठेवून सांगितलं की, अन्यायापुढं हे गाव कधी झुकलेलं नाही.

गुरुजी उठले. "मंडळी, कुंपण आता तिथं नाही. नसलेलं कुंपण मागं घ्या, असं कसं बजावायचं?"

सगळ्यांनी सरपंचांकडे पाहिलं.

"मंग मागच्या तारखेनं बजावा," पुंजाबा म्हणाले.

गुरुजींनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना राग यायला हवा होता. पण सहादूच्या शर्टाला डिझेलचा डाग होता, पुंजाबांच्या मळ्यातून इंजिनाचा आवाज येत होता, आणि सगळ्यांचे चेहरे इतके आनंदी होते की त्यांना रागावता येईना. त्यांनी पहिला ठराव जसाच्या तसा वाचला, तीव्र निषेधासकट. सगळे हात वर गेले. मागच्या रांगेत बसलेल्या गोटीरामनं इकडे तिकडे पाहिलं, सगळ्यांचे हात वर आहेत असं दिसल्यावर आपलाही केला. ठराव एकमतानं मंजूर झाला.

गुरुजी तिथून सरळ बागेत गेले. चांगुणा फावडं घेऊन वाफ्याच्या कडेला उभी होती.

"झाला का निषेध?"

"झाला. तीव्र."

"बरं झालं," ती म्हणाली आणि फावडं त्यांच्या हातात दिलं. "आता त्या चारीचं तोंड फोडा. पल्याडची ओळ अजून कोरडीच हाय."